टाकी क्रमांक चारवरील शेरा

द्रवखत साठवणुकीच्या नोंदनियमांतील अकरावे कलम हेमलता फेगडे यांनी सुचवले होते, आणि ते सुचवताना त्यांच्या डोळ्यांसमोर एकच मनुष्य होता: त्यांचा सख्खा भाऊ.

कलम साधे होते. मोठ्या टाकीची बाहेरून पाहणी मालकाने स्वतः करावी. पाहणीनंतर टाकीच्या हस्तपट्टावर तळहात टेकवून आपला शेरा मोठ्याने उच्चारावा. हात उचलला की शेरा मिटतो, म्हणजे कायमचा बंद होतो, आणि मिटलेला शेरा कोणालाही बदलता येत नाही. मसुदा समितीतील इतर सभासदांना हे कलम सुरक्षिततेसाठी अत्यावश्यक वाटले, आणि ते तसे होतेही. उत्तम सापळा उपयोगी वस्तूसारखाच दिसावा लागतो.

हे सारे शक्य झाले ते साक्षीलेपामुळे. तोवर सौरऊर्जेवर चालणारी छोटी संयंत्रे तालुक्यातालुक्यात उभी राहिली होती. हवेतील नायट्रोजन आणि पाण्यातील हायड्रोजन यांपासून ती अमोनिया बनवीत, आणि त्याचे द्रवखत भूमिगत नळांनी थेट केळीच्या बागांत ठिबकत असे. पोत्यांचे खत इतिहासजमा झाले. त्याऐवजी गावोगावी प्रचंड पोलादी टाक्या आल्या, आणि टाक्यांबरोबर टाक्यांचे अपघातही आले. प्रत्येक अपघातानंतरच्या चौकशीत एकच गोष्ट उघड होई. द्रवाची पातळी, घनता, पत्र्याची जाडी यांच्या नोंदी पूर्ण असत, सुवाच्य असत आणि बहुधा खोट्या असत. महिन्याची पाहणी महिनाअखेरीस एका बैठकीत, एका पेनाने आणि चहाच्या एका कपाबरोबर उरकली जाई.

साक्षीलेप हा टाकीच्या आतल्या अंगाला देण्याचा एक बहुवारिक (पॉलिमर) लेप. त्यातून अतिशय क्षीण विद्युतप्रवाह वाहत राहतो आणि त्या प्रवाहाने लेपावर मिनिटामिनिटाला रेणूभर जाडीचा नवा थर चढतो. त्या क्षणी लेपाला जो द्रव भिजवत असेल त्याचे आयन त्या थरात अडकून पडतात. द्रव किती उंचीपर्यंत होता, किती दाट होता, किती तापला होता, हे सारे त्या थरात गोठते. झाडाच्या खोडातील वलये जशी झाड कापल्याशिवाय खोडता येत नाहीत, तसाच हा लेप टाकी कापल्याशिवाय बदलता येत नाही. हस्तपट्टावर टेकलेला हात आणि त्यासमोर उच्चारलेले शब्द विद्युतस्पंदांत रूपांतरित होऊन त्याच थरांत मुरतात. थर वाचण्यासाठी प्रकाशलेखणी लागते, आणि ती वापरण्याचा परवाना ज्यांना असतो त्यांना स्तरवाचक म्हणतात.

हेमलताबाई शासकीय तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेल्या. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्या पुन्हा परीक्षेला बसल्या आणि जिल्ह्यातील पहिल्या स्तरवाचक झाल्या. लोक म्हणाले, बाईने दुःखातून केवढी भरारी घेतली. बाईंनी कोणाचाही गैरसमज दूर केला नाही.

*

आश्विन शुद्ध अष्टमीच्या दुपारी त्या सातपुड्याच्या पायथ्याशी, वाघझिरे येथील बेंडाळे द्रवखत भांडारात वार्षिक वाचनासाठी उतरल्या. हा दिवस त्यांनी पाच महिने आधी मागून घेतला होता.

फाटकावर त्यांचे थोरले बंधू मुरलीधरशेठ बेंडाळे स्वतः उभे होते. अंगावर पांढरा सदरा, पोट सुटलेले, आणि चेहऱ्यावर तेच मोकळे हसू.

"आली का आमची सरकारी बहीण!" त्यांनी हाक दिली. "हेमे, तुले साऱ्या जिल्ह्यात आजचाच दिवस भेटला? उद्या खंडेनवमी. पोरं टाक्या धुऊन ऱ्हायली."

"धुतलेल्या टाक्या चांगल्या दिसतात, दादा."

"दिसतीलच. आणि आतून पाह्य, आतून! एक थर जरी वाकडा निघाला तं माझं नाव बदल."

"नाव बदलायची वेळ नको यायला," हेमलताबाई म्हणाल्या. "नाव गेलं की परत मिळत नाही. मला ठाऊक आहे."

शेठ मोठ्याने हसले आणि चहा सांगायला आत वळले.

हेमलताबाईंचे पती दिवाकर फेगडे याच भांडारात टाकी-पर्यवेक्षक होते. मेहुण्याच्या धंद्यात नोकरी करणे त्यांना पसंत नव्हते, पण टाक्यांवर त्यांचा जीव होता. नऊ वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ते जाडीमापक यंत्र घेऊन टाकी क्रमांक दोनच्या बंधाऱ्यात उतरले. प्रत्येक टाकीभोवती सांडलेला द्रव अडवण्यासाठी काँक्रीटची भिंत असते, तिला बंधारा म्हणतात. दिवाकर पत्र्याला यंत्र लावतात न लावतात तोच तळाचा सांधा फाटला. द्रवाच्या लोंढ्याने त्यांना त्या भिंतीवर आपटले.

चौकशीत कागदी नोंदवही पुढे आली. तीत दोनच दिवसांपूर्वीची नोंद होती: 'टाकी दोन, तळसांधा, जाडी मोजली, ठीक.' खाली दिवाकरांची सही. चौकशी समितीने निष्कर्ष काढला की पर्यवेक्षकाने न मोजता खोटी नोंद केली, आणि स्वतःच्या हलगर्जीपणाचा तो स्वतःच बळी ठरला. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात मथळा आला. शाळेत हेमलताबाईंच्या मुलीला तो मथळा वाचून दाखवण्यात आला.

हेमलताबाईंनी नोंदीची तारीख पाहिली आणि त्यांना सारे कळले. सरकारी तारखेला तिथी नसते, पण त्या दिवशी खंडेनवमी होती. बेंडाळ्यांच्या भांडारात त्यांच्या वडिलांच्या काळापासून खंडेनवमीला एकही हत्यार, एकही यंत्र हलत नसे. पान्ह्यांपासून जाडीमापकापर्यंत सारी अवजारे पाटावर मांडून, झेंडू वाहून, ती दसऱ्यालाच उचलायची. त्या दिवशी कोणी पक्कड जरी हातात घेतली तर दिवाकर त्याच्या हातावर चापट मारीत. त्यांची सही खंडेनवमीच्या मोजणीखाली असणे शक्यच नव्हते. टाकी फुटल्यावर कोणीतरी घाईने मागची तारीख टाकली होती, आणि तारखेवरून तिथी पाहायची राहून गेली होती. नोंदवहीच्या कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे असे.

त्यांनी हे समितीला सांगितले. अध्यक्ष परप्रांतीय होते. ते सौजन्याने म्हणाले, "ताई, सण असला तरी कारखाना चालूच असतो. ही श्रद्धा झाली, पुरावा नव्हे."

त्या दिवसापासून मुरलीधरशेठ दर भाऊबीजेला बहिणीकडे पैठणी पाठवीत. हेमलताबाई ती घेत, आणि घडी न मोडता कपाटात ठेवीत. आठ पैठण्या झाल्या होत्या.

*

अष्टमीच्या संध्याकाळपर्यंत त्यांनी टाकी चारची सर्व वाचनछिद्रे, म्हणजे लेखणी लेपापर्यंत पोचवणारी भोके, तपासली. प्रकाशलेखणीच्या पडद्यावर वर्षभराचे थर एकामागून एक उलगडत गेले. पातळी मर्यादेत, घनता मर्यादेत, तापमान मर्यादेत. एकही खाडाखोड नाही, आणि खाडाखोड होऊ शकणारच नव्हती. शेठ खरे बोलत होते. ज्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही अशा माणसाला यंत्राने प्रामाणिक केले होते.

हेमलताबाईंना आनंद व्हायला हवा होता. त्यांच्या तोंडाला कडू चव आली. अकरावे कलम तेवढे उरले होते: बाहेरची पाहणी. ती नियमाप्रमाणे सूर्यप्रकाशातच करायची असते.

त्या बंधाऱ्याच्या पायऱ्यांवर बसल्या असता कोकिळावहिनी, म्हणजे शेठांची पत्नी, चार सवाष्णींना घेऊन खाली उतरल्या. परातीत ओली हळद होती. टाकीच्या तळच्या पत्र्यावर हळदीचे पंजे उमटवायची भांडारात प्रथा होती. बायकांनी हसत-खिदळत टाकीला फेरा घातला आणि हाताच्या उंचीवर पिवळ्या पंजांची माळ उमटली.

हेमलताबाई सहज उठल्या, तशा वहिनी म्हणाल्या, "तुम्ही बसा हेमाताई. दमल्या असाल."

"मी दमले नाही."

"तसं नाही हो..." वहिनींनी परात दुसऱ्या हातावर घेतली. "सवाष्णींचं असतं ना ते. आपल्याले काही वाटत नाही, पण लोक बोलून ऱ्हायतात."

"बोलू द्या," हेमलताबाई म्हणाल्या आणि पुन्हा बसल्या. आणखी एक नोंद त्यांनी मनात केली.

*

नवमीची सकाळ स्वच्छ उजाडली. पंपांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या, विजेचे मुख्य बटण खाली ओढून त्याला कुंकू लावले होते; लेप आणि सायरन तेवढे स्वतंत्र बॅटरीवर जागे होते. कामगार सहकुटुंब कार्यालयामागच्या मांडवात जमू लागले होते. हेमलताबाई एकट्याच बंधाऱ्यात उतरल्या. पाहणीच्या काळात धोक्याच्या सायरनची किल्ली स्तरवाचकाच्या ताब्यात असते. ती त्यांच्या गळ्यात होती, आणि ती फिरल्याचा क्षणही लेपात नोंदला जाई.

टाकीला फेरा घालताना उत्तरेच्या सांध्यापाशी त्यांचे पाऊल थांबले.

माळेतील सारे पंजे पिवळे होते. सांध्यावरचे तीन मात्र लाल झाले होते, गडद, कुंकवासारखे लाल.

हळदीला चुना लावला की तिचे कुंकू होते, हे घराघरात ठाऊक असते. हळदीतील रंगद्रव्य अल्कधर्मी पदार्थाच्या स्पर्शाने लाल होते. चुना तसा अल्कधर्मी, आणि अमोनियाही. त्या सांध्यातून रात्रभर अमोनिया बाहेर झिरपत होता. वासाने तो कोणालाच कळला नसता. भांडारात तो वास बारमाही असतो आणि नाके त्याला सरावलेली असतात. वायुमापके नियमानुसार झडपांजवळ होती, सांध्यांजवळ नव्हती. आणि साक्षीलेप? तो फक्त त्याला जे भिजवते तेच जाणतो. लेप सांध्याच्या कडेला आकसला होता, आणि त्यामागे शिरून पोलाद कुरतडणारा द्रव लेपाच्या दृष्टीआड होता. जो साक्षीदार कधीच खोटे बोलत नाही, त्याच्या पाठीमागे हे चालले होते.

त्यांनी गुडघे टेकून पाहिले. रंगाला बारीक फोड आले होते आणि फोडांखाली ओलसर रेघ होती, वितीपेक्षा लांब. असा सांधा महिनाभर टिकू शकतो, किंवा तासाभरात फाटू शकतो. अभियंता याहून अधिक सांगू शकत नाही. टाकी दोनही अशीच उभी असणार, आणि तिच्यासमोर दिवाकर.

नियम स्पष्ट होता: गळती दिसताच सायरन. त्यांनी हस्तपट्टावर हात ठेवला. "स्तरवाचक फेगडे. उत्तर सांध्यावर गळती आढळली." हात उचलला. मग गळ्यातली किल्ली मुठीत धरली.

आणि ती फिरवली नाही.

त्या पायऱ्या चढून वर गेल्या. सगळ्यांना मांडवातच थांबायला सांगितले आणि भावाला एकट्याला खाली बोलावले.

"बाहेरच्या पाहणीचा शेरा राहिला आहे, दादा. मालकाने द्यायचा असतो. हात ठेव."

"आत्ता? आरती थांबली आहे बाई."

"दोन शब्दांचं काम आहे."

शेठांनी उजवा तळहात हस्तपट्टावर टेकवला. पट्टावर हिरवा ठिपका उजळला. "मुरलीधर तुकाराम बेंडाळे, मालक. टाकी क्रमांक चार, बाहेरून ठीक."

"जाडी?"

"काय जाडी?"

"तळसांध्याची जाडी मोजून सांगायची असते. जाडीमापक मागव. मी थांबते."

शेठांनी बहिणीकडे अशा नजरेने पाहिले, जशी वेड लागलेल्या माणसाकडे पाहावी. "हेमे, शुद्धीवर आहे का तू? आज खंडेनवमी आहे! यंत्र पाटावर बसलं आहे, त्याले फुलं वाह्यली आहेत. आज आपल्या भांडारात जाडी मोजतात?"

"कधीच नाही?"

"बाबांपासून कधीच नाही. तुले काय मी सांगावं? अगं, दिवाकररावच पोरांच्या हातावर चापट मारायचे! पान्ह्याले हात लावू देत नव्हते ते, जाडीमापक तं लांबच..."

ते थांबले. हिरवा ठिपका उजळलेलाच होता.

"हात काढू नको," हेमलताबाई शांतपणे म्हणाल्या. "शेरा पूर्ण झाला नाही. मग त्या वर्षी, याच तिथीला, टाकी दोनची जाडी कोणी मोजली? खाली सही कोणाची आहे?"

"जुन्या गोष्टी उकरू नको. तारखेची चूक असंल एखादी."

"चूकच आहे. तिथी बघायची राहिली, ही. दसऱ्यानंतर मोजतो असं ते तुला म्हणाले होते. म्हणून तर ते त्या सकाळी यंत्र घेऊन गेले. ज्याने दोन दिवसांपूर्वी मोजून ठीक लिहिलंय, तो पुन्हा मोजायला कशाला जाईल? हे समितीत कोणी विचारलं नाही. मी आज विचारते."

 शेठांनी हात अर्धवट सैल केला.

"हात काढायच्या आधी डावीकडे बघ," त्या म्हणाल्या. "वहिनींनी काल पिवळे पंजे उमटवले होते. तीन लाल का झाले, सांग. तू चाळीस वर्षं या धंद्यात आहेस."

शेठांनी पाहिले. चेहऱ्यावरचे रक्त जणू कोणी नळ उघडून काढून घेतले.

"सायरन वाजव," ते पुटपुटले. "हेमे, सायरन वाजव!"

"किल्ली माझ्याकडे आहे. शेरा तुझ्याकडे आहे."

"अगं, फुटली तं तू भी जाशील!"

"हो. दिवाकर गेले त्याच वाटेने. मला परकी नाही ती वाट."

बंधाऱ्याच्या वरच्या पायरीवर पावले वाजली. आरतीला उशीर का, हे पाहायला कोकिळावहिनी तबक घेऊन आल्या होत्या. "काय चाललं आहे तुमचं भाऊ-बहिणीचं?" असे म्हणत त्या एक पायरी उतरल्या.

"कोकिळा, तिथंच थांब! मागं जा!" शेठ ओरडले. मग बहिणीकडे वळले. हात पट्टावर तसाच चिकटलेला होता. "मी केली. मीच केली सही. टाकी फुटल्यावर संध्याकाळी कपाट उघडून नोंद भरली, दिवाकररावांच्या नावाने. त्यांनी आधी दोनदा सांगितलं होतं, टाकी रिकामी करा, सांधा वाजतो. मी म्हटलं, हंगाम आहे, दसरा होऊ द्या. त्यांची काही चूक नव्हती. झालं? झालं समाधान? आता तं वाजव!"

तबकातील निरांजन विझले होते. 

"हात उचल," हेमलताबाई म्हणाल्या. "मिटला शेरा."

आणि त्यांनी किल्ली फिरवली.

*

पुढचे सारे नियमाप्रमाणे झाले. माणसे टेकडीवर पोचली. टाकी चार रिकामी करण्यासाठी पंप चालू करायला हवे होते आणि ते माळा घालून विसावले होते. कामगार घुटमळले. तेव्हा खुद्द मुरलीधरशेठांनी पहिल्या पंपावरची माळ ओढून तोडली आणि मुख्य बटण वर ढकलले. खंडेनवमीला त्या भांडारात यंत्र हलल्याची ती पहिली वेळ. सूर्यास्तापर्यंत द्रव शेजारच्या टाक्यांत गेला. रिकाम्या टाकीत उतरलेल्या माणसाला लेपामागे हातभर लांबीची चीर दिसली. काही जागी पत्रा नखाएवढाही जाड उरला नव्हता.

महिन्याभरात मुरलीधरशेठांचा परवाना रद्द झाला आणि खोट्या नोंदीबद्दल त्यांच्यावर खटला उभा राहिला. त्यांच्या वकिलाने टाकी भंगारात काढण्याची परवानगी मागितली, परंतु नियमाने शेरा असलेला पत्रा वितळवता येत नाही. जुन्या चौकशीचा निष्कर्ष फिरवण्यात आला. दिवाकर फेगडे यांचे नाव निर्दोष म्हणून राजपत्रात छापले गेले. हेमलताबाईंनी ते पान मुलीला पाठवले. त्या वर्षीच्या भाऊबीजेला मुरलीधरशेठांच्या दारात आठ पैठण्या परत आल्या, घडी न मोडलेल्या.

मग एका सकाळी हेमलताबाईंना स्वतःला बोलावणे आले.

चौकशी अधिकारी तडवी साहेब याच तालुक्यातले होते, वयस्कर आणि मृदू. त्यांच्या टेबलावर टाकी चारचा कापून आणलेला पत्रा होता, हस्तपट्टासह. पट्टाला बारीक प्रवाह जोडलेला होता, कारण नोंद पूर्ण होईपर्यंत लेप जिवंत ठेवावा लागतो.

"बाई," ते म्हणाले, "गळती आढळली असं तुम्ही स्वतः बोललात, तो थर आणि सायरनचा थर, यांच्यात वीस मिनिटांहून जास्त अंतर आहे. माणसं मांडवात होती. एक बाई पायऱ्यांवर होती. टाकी फुटली असती तर लोंढा मांडवापर्यंत आला असता."

"आला असता. मी त्या रात्री हिशोब करून पाहिला."

"आधी नाही?"

"आधी नाही. आधी करायला हवा होता."

तडवींनी चष्मा काढून पुसला. "नियमाप्रमाणे विलंबाचं कारण नोंदवावं लागतं. तुमच्यावर काय गुजरलंय ते सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. मी 'यंत्रातील दोषामुळे विलंब' असं म्हणू शकतो. किंवा 'कारण अज्ञात'. तेवढ्याने परवाना वाचेल. कोणी विचारणार नाही."

खिडकीबाहेर केळीच्या बागा होत्या, आणि त्यांच्या मुळांशी कुठल्यातरी टाकीतले द्रवखत मुकाट ठिबकत होते. 

"साहेब, नऊ वर्षांपूर्वी एका माणसाने असाच दयाळूपणा केला होता. स्वतःवर. दोन शब्द लिहिले, 'मोजली, ठीक.' कोणी विचारलं नाही."

"ही गोष्ट वेगळी आहे."

"लेपाला वेगळी नाही."

त्यांनी पत्रा स्वतःकडे ओढला आणि उजवा तळहात हस्तपट्टावर टेकवला. हिरवा ठिपका उजळला.

"हेमलता दिवाकर फेगडे, स्तरवाचक," त्या स्पष्ट आवाजात म्हणाल्या. "गळती दिसूनही सायरन उशिरा वाजवला. कारण ज्ञात आहे. सूड."

आणि हात उचलला.